टोपी कुणी कुणाला घातली?

शाळेच्या जिममध्ये टेबलं ओळीनं मांडली होती. वर शाळेच्या रंगाचं कापड, मागे फुग्यांची कमान आणि टेबलांमागे बारावीतली धिप्पाड पोरं, प्रत्येकाच्या दोन बाजूंना आईबाप. डिसेंबरातला बुधवार, म्हणजे इथला ‘साइनिंग डे’. प्रत्येक पोरापुढे तीन-चार टोप्या, प्रत्येक टोपीवर एकेका विद्यापीठाचं चिन्ह. पोरगा एका टोपीकडे हात नेतो, गर्दी श्वास रोखते. तो हात मागे घेतो, दुसरी उचलतो, पुन्हा ठेवतो आणि शेवटी एक डोक्यावर चढवतो. टाळ्या, शिट्ट्या, आईचे भरलेले डोळे, वर धरलेले फोन. पुढची चार वर्षं तो कुठल्या विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणार, ते असं जाहीर होतं.

आमच्या शेजारच्या पोरापुढे एकच टोपी होती.

मी डॅलसच्या उत्तरेला राहते. माझा मुलगा त्याच शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, त्यामुळे तीन वर्षं दर शुक्रवारी रात्री मी त्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेली असते. खेळ सुरुवातीला काडीचा कळत नव्हता, आता नको इतका कळतो. शेजारचा पोरगा ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळतो, म्हणजे ज्याचं नाव फक्त चूक झाली की लाउडस्पीकरवर येतं अशा जागेवर. सहा फूट पाच इंच. दिवाळीला आमच्याकडून गेलेला बेसनाचा लाडू तो एका घासात संपवतो आणि डबा परत करायला स्वतः येतो.

मराठीत ‘टोपी घालणं’ म्हणजे काय, ते सांगायला नको. जिममध्ये बसल्या बसल्या तो अर्थ डोक्यात आला तो जाईना. या समारंभात पोरगा ती आपल्याच हातानं घालून घेतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो हा नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर चिलखतासारखे पॅड, आणि दर चाळीसेक सेकंदांनी बावीस देह एकमेकांवर आदळतात. इथे तो शाळेपासूनच गावाचा मानबिंदू असतो. आमच्याजवळच्या ॲलन गावानं २०१२ साली शाळेच्या संघासाठी ६ कोटी डॉलर घालून १८ हजार आसनांचं स्टेडियम बांधलं. विद्यापीठांचं तर विचारूच नका. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात. तीन वानखेडे एकात एक घातली तरी काही लोक बाहेर राहतील. आणि या सगळ्या डोलाऱ्याला दर वर्षी नवी पोरं लागतात. व्यावसायिक लीगमध्ये ती पैसे देऊन विकत घेतात. विद्यापीठांत त्यांना ‘रिक्रूट’ करतात.

रिक्रूटिंग कसं चालतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला एकच शब्द पुरतो: कांदेपोहे. हेड कोच घरी येतो, सोफ्यावर बसतो, आईच्या हातच्या जेवणाची तारीफ करतो, आजीला नावानं हाक मारतो. मग मुलाकडची मंडळी ‘व्हिजिट’ला जातात, तिथे पोराचं नाव लिहिलेली जर्सी लॉकरमध्ये टांगलेली असते, ती घालून फोटो. मग ‘ऑफर’ येते. मग पोरगा ‘कमिट’ होतो, म्हणजे सुपारी फुटली. ही सुपारी दोघांपैकी कुणालाही कायद्यानं बांधत नाही. सही व्हायची असते बारावीतल्या हिवाळ्यात, आणि शब्द मात्र कधीकधी त्याच्या दीड-दोन वर्षं आधी दिलेला असतो. पोरानं मधे मन बदललं तर तो ‘डीकमिट’ झाला. थेट दुसऱ्या विद्यापीठाकडे गेला तर त्यानं ‘फ्लिप’ केलं.

या शब्दकोशात एक शब्द मला शेजारच्या माउलीकडून कळला, आणि माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे. ‘कमिटेबल ऑफर’. विद्यापीठ एकाच जागेसाठी डझनभर पोरांना ऑफर देतं. त्या सगळ्या खऱ्या नसतात. पोरगा हरखून फोन करतो, ‘कोच, मी येतो’, आणि पलीकडून उत्तर येतं, ‘थांब जरा, आत्ता कमिट होऊ नकोस.’ म्हणजे ऑफर होती, पण स्वीकारण्याजोगी नव्हती. तेव्हा आता अनुभवी आईबाप पहिला प्रश्न हाच विचारतात: ही ऑफर कमिटेबल आहे का? ज्या व्यवहारात ‘देऊ केलेलं घेता येतं का’ हे वेगळं विचारावं लागतं, त्या व्यवहारात वचनभंगाचा ठपका फक्त सतरा वर्षांच्या मुलावर का, हा माझा मुद्दा आहे. 

कारण ठपका त्याच्यावरच येतो. पोरगा फ्लिप झाला की चाहते त्याच्यावर तुटून पडतात: शब्दाला जागला नाही, पैशाला भुलला, संस्कार नाहीत. मोठी माणसं, नोकरी करणारी, आयुष्यात चार कंपन्या बदललेली माणसं हे लिहितात. माझ्या ओळखीच्या वर्तुळातही हा सूर ऐकू येतो. ‘आजकालच्या पोरांना लॉयल्टी नाही’ हे वाक्य अमेरिकेत येऊन शिकावं लागत नाही, आपण ते पुण्या-नागपुराहून बांधून आणलेलंच असतं.

मग कोचांचं बघू. एकाचीच गोष्ट सांगते, ती पुरेशी आहे. लेन किफिन २००९ मध्ये टेनेसी विद्यापीठाचे हेड कोच होते. एक हंगाम झाला, आणि जानेवारी २०१० मध्ये ते सदर्न कॅलिफोर्नियाला निघून गेले. टेनेसी विद्यापीठाच्या गावी, नॉक्सव्हिलला, विद्यार्थ्यांनी त्या रात्री रस्त्यावर गाद्या जाळल्या. पुढच्याच महिन्यात, नव्या खुर्चीत बसलेल्या किफिन यांनी डेलावेअरच्या डेव्हिड सिल्स नावाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, ऑफर दिली आणि त्यानं ती स्वीकारली. मुलाचं वय १३. सातवीत होता. देशभर बातमी झाली, निम्म्यांनी कौतुक केलं, निम्म्यांनी कपाळाला हात लावला. तो मुलगा कॉलेजात पोचायच्या दोन वर्षं आधी, २०१३ च्या सप्टेंबरात, किफिन यांना तिथून काढलं होतं. सिल्स पुढे वेस्ट व्हर्जिनियाकडून खेळला, तोही क्वार्टरबॅक म्हणून नव्हे, फेकलेला चेंडू झेलणारा रिसीव्हर म्हणून नाव काढलं त्यानं. आणि किफिन? २०२५ च्या नोव्हेंबरअखेर ते ओल मिस विद्यापीठाचे कोच होते, संघ राष्ट्रीय प्लेऑफच्या उंबऱ्यावर उभा होता, आणि ते लुइझियाना स्टेटला गेले. जाता जाता प्लेऑफ आपणच खेळवू, अशीही त्यांची इच्छा होती. ओल मिसनं नाही म्हटलं. 

बेकायदा काहीच नाही यात. माणसाला चांगली नोकरी मिळाली, त्यानं ती घेतली. मला त्यावर आक्षेप नाही. आक्षेप याला आहे, की हेच वाक्य सतरा वर्षांच्या मुलाबद्दल कुणी म्हणत नाही.

जी जागा किफिन यांना मिळाली ती रिकामी कशी झाली, तेही बघा. तिथे ब्रायन केली होते. ते २०२१ मध्ये नोत्र दाम सोडून आले, त्याच आठवड्यात लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. केली यांना २०२५ च्या ऑक्टोबरात काढलं, तेव्हा करारानुसार त्यांचं ५ कोटी डॉलरहून जास्त देणं उरलं होतं. टेक्सस ए अँड एमनं २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना घरी पाठवलं, तेव्हा हा आकडा साडेसात कोटींच्या वर गेला होता. काम न करण्याचे. कोच स्वतः गेला तर वरची पायरी, त्याला काढला तर खजिना. आणि पोराच्या हातात? कालपरवापर्यंत त्याच्या हातात एक कागद होता, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा हा कागद १९६४ पासून चालत आला. साइनिंग डेला टोपी घातल्यावर पोरं सही करायची ती याच्यावर. विद्यापीठ एका वर्षाच्या मदतीची हमी द्यायचं. पोरगा तिथे एक वर्ष शिकला नाही तर दुसरीकडे त्याला खेळण्याचं एक वर्ष गमवावं लागायचं. आणि त्यातच एक कलम स्पष्ट लिहिलेलं होतं: तू सही करतो आहेस ती संस्थेसाठी, कोचसाठी नाही, कोच गेला तरी तू बांधलेलाच. ज्या माणसानं सोफ्यावर बसून आजीला नावानं हाक मारली होती, तो या कागदात कुठेच नव्हता. हा कागद २०२४ च्या ऑक्टोबरात रद्द झाला. साठ वर्षं लागली.

शिष्यवृत्तीचंही तसंच. आपल्याला वाटतं ‘फुल स्कॉलरशिप’ म्हणजे चार वर्षांची सोय झाली. १९७३ मध्ये नियम असा केला की ती एकेका वर्षाची, दर वर्षी नूतनीकरण. गुडघा गेला, फॉर्म गेला, नव्या कोचला तोंड आवडलं नाही, की पुढच्या वर्षी नाही. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची परवानगी २०१२ मध्ये परत आली, आणि बड्या विद्यापीठांनी ‘खेळ बरा नाही म्हणून काढणार नाही’ असं लिहून द्यायला २०१५ उजाडलं. 

हे असं का झालं, याचं मूळ एका मृत्यूत आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस नावाच्या छोट्या कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू मैदानात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनं कामावर मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना मिळते ती भरपाई मागितली. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ मध्ये निकाल लागला: कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही, म्हणून हा कामगार नाही. त्याच काळात विद्यापीठीय खेळांची संघटना एनसीएए चालवणारे वॉल्टर बायर्स यांनी ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा जोडशब्द रूढ केला. तो कशासाठी घडवला, हे त्यांनीच निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहून ठेवलं: खेळाडूंना कुणी नोकर म्हणू नये यासाठी. हा शब्द मी शाळेच्या सूचनांमध्ये रोज वाचत होते, आणि विद्यार्थी आधी, खेळाडू नंतर, असं त्यात काहीतरी उदात्त आहे असं मला वाटायचं. तो विमा-भरपाई टाळायला बनवलेला शब्द आहे, हे कळल्यावर नुसतं वाईट वाटलं नाही, मराठी सरकारी पत्रकांतल्या ‘मानधन’ या शब्दाची आठवण झाली. पगार म्हटला की हक्क येतात. मानधन म्हटलं की नमस्कार करून घ्यायचं.

आता माझ्या मराठी मित्रमंडळींचा हुकमी आक्षेप: ‘अगं पण फुकट शिक्षण मिळतं ना! लाखभर डॉलरचं!’ आक्षेप हलका नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी कर्ज काढून, एका खोलीत पाच जणांनी राहून इथली पदवी घेतली आहे. आपल्याला पदवीची किंमत ठाऊक आहे. पण मग पदवी मिळते का, हेच तपासू. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा तास सकाळच्या सरावाच्या वेळेत येत होता. त्याला तो विषय सोडायला लावला, तो मागे पडला, आणि शेवटी मानसशास्त्राकडे वळला. हे त्यानं २०१४ मध्ये कामगार मंडळापुढे शपथेवर सांगितलं. त्या प्रकरणात मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यानं हिशेब मांडला: हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला, ऑगस्टच्या शिबिरात ५० ते ६० तास. अधिकाऱ्यानं म्हटलं, हे नोकर आहेत, यांना युनियन करता येईल. पुढच्या वर्षी दिल्लीश्वरांनी, म्हणजे वॉशिंग्टनच्या मुख्य मंडळानं, आम्ही यात पडत नाही म्हणून फाइल बंद केली. आपल्या घरातल्या मुलाला कॉलेजनं ‘केमिस्ट्री सोड, सरावाला ये’ म्हटलं असतं तर आपण प्राचार्यांच्या केबिनबाहेर उपोषणाला बसलो असतो. दुसऱ्याच्या मुलाला म्हटलं की ते ‘फुकट शिक्षण’.

आणि आपले हातही अगदी कोरडे नाहीत, हे इथे सांगून टाकते. डॅलस काय, न्यू जर्सी काय, आपल्या मंडळींची मुलं फुटबॉल खेळत नाहीत. ती स्क्वॉश खेळतात, फेन्सिंग करतात, टेनिसच्या खासगी कोचला ताशी दोनआकडी-तीनआकडी डॉलर देतात. आवड असते काहींना. पण किती आईबापांच्या मनाच्या कोपऱ्यात ‘रिक्रूट’ हा शब्द नसतो? हार्वर्डवरच्या प्रवेशखटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार, कोचनं निवडलेल्या खेळाडू-अर्जदारांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. बाकीच्यांना शंभरात जेमतेम पाच-सहा. २०१९ च्या प्रवेश-घोटाळ्यात तर श्रीमंत पालकांनी आपल्या मुलांचे चेहरे खऱ्या खेळाडूंच्या धडावर चिकटवून फोटो पाठवले होते. हार्वर्ड ज्यात मोडतं त्या आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते हे खरं, पण कोचची मान डोलली की दार उघडतं. तेव्हा लाइनमनच्या घरातली टोपी आणि आपल्या गाडीच्या डिकीतली स्क्वॉशची रॅकेट, दोघांचं गोत्र एकच. फरक इतकाच, की रॅकेटनं डोकं फुटत नाही.

डोकं फुटतं हे मी अलंकारानं लिहिलेलं नाही. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मृत खेळाडूंचे मेंदू तपासून निष्कर्ष मांडले. फक्त कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या आघातांनी होणारा ऱ्हास सापडला. हे मेंदू ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनी दिलेले होते, तेव्हा सगळ्या खेळाडूंना हेच प्रमाण लावता येणार नाही. तरीही ज्या आईनं हा आकडा वाचला तिला शुक्रवारी रात्री पायऱ्यांवर बसणं पहिल्यासारखं राहत नाही. २०२४ पासून एनसीएएनं खेळ संपल्यावर दोन वर्षांपर्यंत दुखापतीच्या उपचारांचा विमा सुरू केला आहे. चांगलंच केलं. पण गुडघ्याचं दुखणं दोन वर्षांत कळतं. मेंदूचं वीस-तीस वर्षांनी.

‘आता तरी पोरांना पैसे मिळतात की’ हा पुढचा आक्षेप, आणि तो खरा आहे. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात नऊविरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली: जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटण्याची परवानगी, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. शंभर वर्षं जे पाप होतं ते एका सहीनं नियम झालं.

पण पैसे आले म्हणून शब्दाचा तोल साधला, असं नाही. जेडन रशाडाची गोष्ट बघा. कॅलिफोर्नियातला हा क्वार्टरबॅक २०२२ मध्ये आधी मायामीला कमिट झाला, मग नोव्हेंबरात फ्लोरिडाकडे फ्लिप झाला. पाठीराख्यांच्या गटानं त्याच्याशी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार केल्याचं प्रसिद्ध झालं. मायामीचे लोक त्याला लालची म्हणाले. डिसेंबरात करार मोडला, पैसे आले नाहीत, जानेवारीत विद्यापीठानं त्याला मोकळं केलं, तो ॲरिझोना स्टेटला गेला. २०२४ मध्ये त्यानं फ्लोरिडाचे तेव्हाचे कोच बिली नेपियर यांच्यासह काही जणांवर फसवणुकीचा दावा ठोकला. आरोप खरे की खोटे हे ठरवणं कोर्टाचं काम. मला दिसतं ते एवढंच, की करारावर वीस वर्षांच्या आतल्या मुलाची सही होती, समोर करोडपती मंडळी आणि त्यांचे वकील होते, आणि मोडल्यावर राज्याराज्यांतून भटकावं लागलं ते मुलाला.

म्हणून मला वाटतं, अर्धवट राहू नये. पैसे द्यायचे, आठवड्याचे पन्नास तास घ्यायचे, कधी झोपायचं आणि कुठला विषय घ्यायचा हे ठरवायचं, आणि ‘नोकर’ मात्र म्हणायचं नाही, हे सोंग आता सोडावं. तिसऱ्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयानं २०२४ च्या जुलैत जॉन्सन खटल्यात म्हटलंच आहे, की खेळाडू आहेत म्हणून ते नोकर असूच शकत नाहीत असं नाही. त्यांना नोकर माना, संघटना करू द्या, आणि सामूहिक वाटाघाटीतून करार होऊ द्या. तसं झालं तर पोरांना बांधायलाही माझी ना नाही. दोन वर्षांचा करार केलास तर दोन वर्षं खेळ. पण त्याच कागदावर विद्यापीठानंही लिहून द्यावं: तुझी जागा आणि तुझं शिक्षण पक्कं, खेळायचा थांबलास तरी. ऑफर दिली तर ती लेखी, मुदतीची आणि घेता येण्याजोगी असेल. कोच बदलला तर तुला दंडाशिवाय बाहेर पडता येईल. डोक्याच्या दुखापतीचा खर्च दोन वर्षांनी संपणार नाही. आज ‘ट्रान्स्फर पोर्टल’मधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, पोरं दर वर्षी इकडून तिकडे उड्या मारतात म्हणून जी ओरड चालली आहे, ती मला पटते, असं भिरभिरत राहण्यात कुणाचीच पदवी धड होत नाही. पण तो गोंधळ पोरांच्या चंचलपणामुळे झालेला नाही. वाटाघाटीला बसायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं, म्हणून प्रत्येक नियम कोर्टात जातो आणि पडतो.

या भूमिकेत मला एक जागा खरोखर दुखते, तीही सांगते. फुटबॉलच्या पैशावर अमेरिकेत पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, मुलींची सॉफ्टबॉल असे कितीतरी खेळ जगतात. ऑलिम्पिकमधलं अमेरिकेचं बळ बऱ्याच अंशी या विद्यापीठांत तयार होतं. फुटबॉलच्या पोरांना त्यांचा वाटा दिला की हे खेळ आटतील, काही ठिकाणी आटू लागलेही आहेत. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं मुलींना जे मैदान मिळालं त्यावर याचा काय परिणाम होईल, याचं समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. पण एवढं मला ठामपणे वाटतं, की पोहण्याचा तलाव ही विद्यापीठाची जबाबदारी असेल तर त्याचा खर्च विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांत, किंवा गेलेल्या कोचला द्यायच्या साडेसात कोटींत शोधावा. लाइनमनच्या गुडघ्यातून तो काढू नये. 

आणि या पोरांपैकी किती जण पुढे पोचतात? देशात दहा लाखांच्या आसपास मुलं शाळेत फुटबॉल खेळतात. त्यातली शंभरात सातेक कॉलेजात खेळतात. कॉलेजातून व्यावसायिक संघात निवडली जाणारी शंभरात दोनसुद्धा नाहीत. उरलेल्यांना कॉलेजातली ही चार वर्षं हीच सगळी कमाई. त्यांनी अधिक पैशाच्या, किंवा अधिक खेळायला मिळेल अशा जागेकडे पाहिलं तर तो लोभ म्हणायचा की हिशेब?

उलटी उदाहरणंही आहेत. २०२१ च्या डिसेंबरात देशातला अव्वल मानला गेलेला ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मोडून जॅक्सन स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठात गेला. इतक्या वरचा पोरगा तिथे जातो हे कुणाच्या गावीही नव्हतं. तिथले कोच डिऑन सँडर्स वर्षभरानं कोलोरॅडोला गेले, हंटर त्यांच्यामागे गेला, आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी २०२४ ची हाइसमन ट्रॉफी त्यानं जिंकली. त्यानं शब्द मोडला, जागा बदलली, आणि तो बरोबर ठरला. पण ते त्याला जमलं, कारण तो हंटर होता. सगळी दारं त्याच्यासाठी उघडी होती. माझा प्रश्न एक टोपी असलेल्यांचा आहे.

शेजारच्या पोराचं असं झालं. बारावी सुरू होण्याआधीच्या जूनमध्ये तो एका मोठ्या विद्यापीठाला कमिट झाला. त्याच्याकडे आणखी तीन ऑफर होत्या. बाप जुन्या वळणाचा. म्हणाला, शब्द दिलास ना, मग त्या तिघांना स्वतः फोन करून नाही म्हणून सांग, लोंबकळत ठेवू नकोस. पोरानं तिघांना फोन केले. नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा कोच दुसरीकडे गेला. आठ दिवसांनी नव्या कोचच्या सहायकाचा फोन आला, बोलणं अत्यंत गोड: तुझी ऑफर आम्ही मोडत नाही, पण तुझ्या जागेवर आम्ही पोर्टलमधून दोन अनुभवी खेळाडू आणणार आहोत, तुझं भलं कशात आहे ते तू आणि आईबाबा ठरवा. त्यांनी रात्रभर ठरवलं. जुन्या तिघांपैकी दोन ठिकाणच्या जागा भरल्या होत्या, तिसऱ्यानं फोन उचलला नाही. शाळेच्या कोचनं धावपळ करून पाचशे मैलांवरच्या एका लहान विद्यापीठात जागा मिळवून दिली. टोपी कुरिअरनं आली, समारंभाच्या आदल्या संध्याकाळी.

संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात एका वहिनींनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, ‘काय गं, तुमच्या शेजारचा तो मोठा पोरगा फिरला म्हणे ऐन वेळी?’ त्यांचा मुलगा खेळाच्या बातम्या वाचतो, त्यानं सांगितलं होतं. मी घरी येऊन पाहिलं. रिक्रूटांची नोंद ठेवणाऱ्या पानावर त्याचं नाव, उंची, वजन, तीन तारे आणि खाली तारीखवार इतिहास. जून: कमिटेड. डिसेंबर: डीकमिटेड. मधल्या नोव्हेंबरातला रकाना कोरा होता.